बेळगाव (सांबरा) ते मुंबई विमानतळ: अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडं घरात कुणाचं मुंबईला जायचं ठरलं की पहिला फोन मला येतो, फ्लाइटला किती वेळ लागतोय आणि अंतर किती. इतक्या वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं म्हटलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, चंदगड, हल्याळ, कुठलेही असा, तुमच्या कामाचं काहीतरी यात सापडेल.

सांबरा विमानतळ ते मुंबई विमानतळ अंतर नेमकं किती?

हवेतनं सरळ रेषेत साधारण ४०५ किलोमीटर. विमानवाले ते नॉटिकल मैलात सांगतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्या हिशोबानं २१८-२१९ मैल होतात. रस्त्यानं मात्र सांबऱ्यापासनं मुंबई विमानतळापर्यंत ५०० किलोमीटरच्या आसपास धरा.

मोबाईलवर एक ठिकाणी ४०५ आणि एक ठिकाणी ५००, यातलं खरं कुठलं?

दोन्ही खरंच आहे. रस्ता काय सरळ जात नाही ना, काकतीवरनं हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर, कराड, सातारा, मग खंबाटकी, पुणे, आणि शेवटी खंडाळ्याला सह्याद्री उतरायचा, म्हणजे आधी उत्तरेला चढत जायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. विमानाला घाट नाही आणि टोलनाका पण नाही.

सरळ रेषेचा आकडा तुम्ही घरात बसून पण काढू शकता, दहावीचं गणित पुरतंय. सांबरा विमानतळ साधारण १५.८६ अक्षांश आणि ७४.६२ रेखांशावर आहे, मुंबईचा १९.०९ आणि ७२.८७ वर. उत्तर-दक्षिण फरक ३.२३ अंश, एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, झाले ३५९. पूर्व-पश्चिम फरक १.७५ अंश, पण विषुववृत्तापासनं वर गेलं की रेखांश एकमेकांच्या जवळ येतात म्हणून इथं एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचाच भरतोय, झाले १८५. आता पायथागोरस लावा, ४०४ येतंय. माझ्या भाचीला मी हे वहीवर करून दाखवलं तर तिनं पुढं दिल्ली, हैदराबाद सगळीच अंतरं काढली. इतक्या अंतरापर्यंत ही रीत चालते, अमेरिका बिमेरिका असली तर पृथ्वीची गोलाई धरून वेगळं सूत्र वापरावं लागतंय.

फ्लाइटला किती वेळ लागतोय?

तिकिटावर साधारण एक तास ते सव्वा तास लिहिलेलं असतंय. यातला प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून कमी, कारण तिकिटावरची वेळ म्हणजे विमान इथल्या जागेवरनं हलल्यापासनं तिथल्या जागेवर थांबेपर्यंतची.

जेट तर ताशी ७५०-८०० च्या स्पीडनं जातंय म्हणतात, मग ४०५ किलोमीटरला अर्धा तास पुरायला पाहिजे की?

हा प्रश्न मला लई आवडतो, कारण विचारणाऱ्यानं डोकं लावलेलं असतंय. तो स्पीड वर गेल्यावरचा. आपल्याकडं येणारी छोटी जेट विमानं, ५० सीटची किंवा पाऊणशेच्या आसपास सीटची, ती काय सुटल्या सुटल्या ८०० नं पळत नाहीत. दहा हजार फुटांच्या खाली सहसा २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. इतक्या जवळच्या फ्लाइटमध्ये चढण्यात आणि उतरण्यातच निम्म्याहून जास्त वेळ जातोय, वर सरळ पळायला मिळतंय ते थोडंच.

आणि दुसरं कारण खुद्द मुंबई. तिथं धावपट्ट्या दोन आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक, आणि चालू धावपट्टी एक. त्यामुळं विमानं वर रांगेत असतात, कधी कधी समुद्रावर दोन-तीन फेऱ्या मारायला लावतात. खिडकीतनं तोच किनारा दुसऱ्यांदा दिसला तर घाबरू नका, नंबर लागायची वाट बघत असतंय विमान. कंपन्यांना हे माहीत असतंय म्हणून त्या १०-१५ मिनिटं आधीच वाढवून धरतात. उलट्या दिशेनं येताना सांबऱ्याला गर्दी नसते, त्यामुळं परतीचं विमान बऱ्याचदा दिलेल्या वेळेच्या आधी उतरतंय.

मग घरातनं निघून घरात पोचेपर्यंत एकूण किती?

खरा प्रश्न हाच आहे, आणि हा कुणी विचारत नाही म्हणून मी प्रत्येकाला स्वतःहून सांगतो. तिकिटावरचा तास बघून बेत करू नका, उंबऱ्यापासनं उंबऱ्यापर्यंत मोजा.

समजा टिळकवाडीतनं दादरला जायचंय. घर ते सांबरा ४० मिनिटं. विमान सुटायच्या पावणेदोन तास आधी तिथं पोचला. फ्लाइट एक तास दहा मिनिटं. उतरून बॅग येईपर्यंत ३५ मिनिटं. तिथनं दादर, ट्रॅफिक कसं आहे त्यावर, पाऊण तास ते सव्वा तास, मधलं एक तास धरू. बेरीज करा, पाच तास दहा मिनिटं होतात. एक तासाची फ्लाइट म्हणत होतो, सव्वापाच तास झाले की नाही.

माझी मावशी नंदगडची, खानापूर तालुक्यात. नातवाच्या बारशाला डोंबिवलीला जायचं होतं, वय सत्तरच्या पुढं, बसमध्ये रात्रभर पाय लोंबकळून सुजतात म्हणून मुलानं विमानाचं तिकीट पाठवलं. आता नंदगड ते सांबरा म्हणजेच पन्नासेक किलोमीटर, आधी खानापूर, मग बेळगाव, मग शहर ओलांडून पलीकडं. सकाळी साडेसहाला अंगणातनं निघाली. माझ्याच गाडीत बसली होती, मांडीवर कुंद्याचा डबा, डब्यावर रुमाल बांधलेला, आणि दर दहा मिनिटांनी "गाडी चुकंल काय रं?" म्हणून विचारायची, विमानाला पण ती गाडीच म्हणायची. विमान दहाच्या सुमाराचं होतं. सव्वाअकराला मुंबईत उतरली, बॅग घेऊन बाहेर आली, मुलगा घ्यायला आला होता, तरी डोंबिवलीत घराच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा दोन वाजत आले होते. म्हणजे साडेसात तास, त्यातली हवेतली मिनिटं पन्नास-पंचावन्न. पण पाय सुजले नाहीत आणि दुपारचं जेवण सुनेच्या हातचं जेवली, तिच्या दृष्टीनं एवढं बस झालं.

मग बस-रेल्वेपेक्षा विमान खरंच फायद्याचं हाय का?

माणसावर आणि कामावर आहे. स्लीपर बस रात्री बेळगावातनं सुटते, दहा-बारा तासांत मुंबई, हायवेचं रुंदीकरणाचं काम चालू आहे तिथं कधी जास्त. रेल्वेनं दादरला बारा-चौदा तास धरा, कारण मिरजेवरनं पुण्यावरनं फिरून जायचं. विमान सव्वापाच तास. पण बस-रेल्वेचे तास झोपेतले असतात आणि विमानाचे जागेपणीचे, दिवस मोडतो. सकाळी ऑफिसला हजर व्हायचंय, तरुण आहे, पाठ धडधाकट आहे, तर रात्रीची बसच बरी, सकाळी उतरून कामाला लागता येतंय. म्हातारं माणूस, लहान लेकरू, ऑपरेशन झालेलं कुणी, नाहीतर गावात कुणाचं काही बरंवाईट झालं आणि ताबडतोब यायचंय, तिथं विमानाचे पैसे वसूल होतात.

पुण्याला जायचं असेल तर मात्र मी सरळ रेल्वे नाहीतर गाडी सांगतो. हवाई अंतर ३१० किलोमीटर आहे, पण हायवेनं सहा-सात तासांत पोचतो, आणि सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत पण सुरू झाली आहे, बेळगाव, मिरज, सांगली, सातारा करत जाते. रोज नाही, आठवड्यातनं ठरावीक दिवशी असते, तेवढं बघून घ्या.

मी निपाणीचा, मला सांबरा जवळ की कोल्हापूर?

कोल्हापूर, विचारच करू नका. निपाणीतनं कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ चाळीसेक किलोमीटर, आणि सांबरा ऐंशीच्या पुढं, वर वंटमुरी घाट आणि बेळगाव शहर ओलांडणं. कोल्हापूरची नवी टर्मिनल बिल्डिंग पण मार्च २०२४ मध्ये झाली, सुटसुटीत आहे. चिकोडी, सदलगा, बोरगाव भागातल्यांना पण कोल्हापूरच बरं. अथणी, कागवाडवाल्यांनी दोन्हीकडच्या फ्लाइटच्या वेळा बघून ठरवायचं, पण अंतर कोल्हापूरकडंच झुकतंय. मुळात अथणीकरांना मिरजेत जाऊन रेल्वे पकडणं हे विमानापेक्षा सोपं पडतंय, मी तर तेच सांगतो.

हुक्केरी, संकेश्वर मधोमध आहेत, तिथं ज्या दिवशी जिथनं विमान असेल तिथं जा. खानापूर, चंदगड, बैलहोंगल, गोकाक यांना सांबरा. यरगट्टी, नेसरगीकडनं बागलकोट रोडनं येणाऱ्यांचं तर सगळ्यात बरं, त्यांना सांबरा शहराच्या आधीच लागतंय, बेळगावच्या ट्रॅफिकमध्ये शिरायची गरजच नाही. हल्याळवाल्यांना हुबळी जवळ. कारवारच्या लोकांना गोव्याचं दाभोळी.

गोव्यावरनं फ्लाइट स्वस्त दिसतंय, तिकडनं जाऊ का?

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, जुनं दाभोळी आणि पेडण्याजवळ मोपा, मोप्यावरनं ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. नकाशावर बघितलं तर सांबऱ्यापासनं मोपा हवेतनं ८० किलोमीटरच्या जरासं वर आणि दाभोळी शंभर. पण मध्ये सह्याद्री उभा आहे. चोर्ला घाटानं जांबोटी, कणकुंबीवरनं उतरायचं नाहीतर आंबोलीवरनं सावंतवाडी, बांदा करत, दोन्हीकडनं मोप्याला किमान तीन तास धरा, दाभोळीला साडेतीन.

उन्हाळ्यात, थंडीत ठीक आहे. पावसाळ्यात मी नको म्हणतो. कणकुंबीला धुकं असं उतरतंय की पुढच्या गाडीचा लाल दिवा पण दिसत नाही, रस्त्यावर खड्डे, कुठं दरड आलेली, कुठं झाड पडलेलं, आणि एक ट्रक अडकला की दोन तास गेलेच. तिकिटात वाचलेले हजार-दीड हजार टॅक्सीतच जातात. हां, दुबई, मस्कतकडं जायचं असेल तर गोव्याचा विचार करण्यात अर्थ आहे, कारण सांबऱ्यावरनं परदेशी विमान नाही.

सांबऱ्याला शहरातनं कसं जायचं?

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्टँडपासनं (सीबीटी) दहा-अकरा किलोमीटर, बागलकोट रोडला. गांधीनगर, निलजी, मुतगे आणि मग सांबरा. सीबीटीवरनं सांबऱ्याकडं सिटी बस असतात, तिकीट अगदी थोडं, पण मोठ्या बॅगा असल्या तर गर्दीच्या वेळी चढायला त्रास होतोय. रिक्षा करणार असाल तर बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या. स्वतःच्या गाडीनं २५-३० मिनिटं, सकाळी शाळेच्या वेळेला आणि बाजाराच्या दिवशी ४५ धरा. रेल्वेनं बेळगावात उतरून विमान पकडणार असाल तर मध्ये किमान तीन तास ठेवा, त्याहून कमी ठेवू नका.

किती आधी पोचायचं? छोटं विमानतळ आहे ना?

छोटं आहे म्हणून नियम छोटा होत नाही. चेक-इनचं काउंटर सहसा एक तास आधी बंद करतात, गेट २५ मिनिटं आधी. मी दीड तास आधी सांगतो, पहिल्यांदा जाणाऱ्याला पावणेदोन. परतीला मुंबईत मात्र दोन-अडीच तास आधी, तिथं सिक्युरिटीच्या रांगेतच अर्धा-पाऊण तास जातोय, वर सुट्टीचे दिवस असले तर विचारूच नका.

मुंबईत विमान नेमकं कुठं उतरतंय?

तिकिटावर टर्मिनल लिहिलेलं असतंय, टी-१ की टी-२, ते घ्यायला येणाऱ्याला आधीच कळवा. टी-१ पार्ल्याच्या बाजूला, टी-२ सहारला, दोन्हीत रस्त्यानं चार-पाच किलोमीटरचा फेर आहे. दोन्ही टर्मिनलना आता भुयारी मेट्रोची स्टेशनं आहेत, मेट्रो ३, आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. दादर, गिरगाव, सीएसएमटीकडं जाणाऱ्यांना ही मोठी सोय झाली, सामान कमी असलं तर टॅक्सीच्या नादी लागूच नका.

आणि आता नवी मुंबईचं विमानतळ पण चालू झालंय, उलव्याला, पनवेलजवळ, डिसेंबर २०२५ पासून तिथनं विमानं उडायला लागली. त्यामुळं तिकीट काढताना नुसतं मुंबई वाचून पुढं जाऊ नका. जुन्या विमानतळाचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. पनवेल, बेलापूर, वाशीवाल्यांना नवं बरं, बोरिवली, अंधेरीवाल्यांना जुनं. चुकून दुसरीकडं उतरलात तर अख्खी मुंबई ओलांडावी लागेल, वाचवलेला सगळा वेळ तिथंच जाईल.

बेळगावचा कोड काय?

आयएक्सजी. शहराचं नाव सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळं काही वेबसाइटवर बेळगाव टाकलं तर दिसत नाही, बेळगावी टाका नाहीतर सरळ कोड टाका.

बेंगळूर, हैदराबाद, दिल्लीला किती?

सांबऱ्यापासनं सरळ रेषेत बेंगळूर ४४५ किलोमीटर, हैदराबाद ४३५, दिल्ली १,४३५. म्हणजे गंमत बघा, मुंबई, हैदराबाद आणि बेंगळूर तिन्ही आपल्यापासनं जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. आपण बरोबर मधोमध बसलोय. दिल्लीला इंडिगोचं थेट विमान ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं, अडीच तासांच्या आसपास.

बेंगळूरला विमान कुठलं आहे ते बघा. पंख्याचं असलं, म्हणजे एटीआर, तर त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, जेट त्याहून बरंच जोरात, त्यामुळं त्याच अंतराला १५-२० मिनिटांचा फरक पडतोय. पंख्याच्या विमानाला काही लोक घाबरतात, घाबरण्यासारखं काही नाही, कमी अंतराला तेच विमान परवडतंय म्हणून वापरतात, आवाज जरा जास्त येतोय एवढंच. आणि बेंगळूरचं विमानतळ देवनहळ्ळीला आहे, शहरातल्या मॅजेस्टिक बसस्टँडपासनं ३५ किलोमीटर, तिथंच दीड तास जाऊ शकतोय. बेळगावातनं बेंगळूरला ऑगस्ट २०२५ पासून थेट वंदे भारत पण आहे, आणि रात्रीची राणी चेन्नम्मा एक्सप्रेस तर आपली कायमचीच.

सांबरा विमानतळ केव्हाचं आहे?

जुनं आहे, १९४२ चं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधलं. त्या काळात आसपासच्या गावच्या जमिनी गेल्या, त्या गोष्टी जुनी माणसं अजून सांगतात. आज पण तिथं भारतीय वायुदलाचं मोठं ठाणं आहे, एअरमेन ट्रेनिंग स्कूल, नव्यानं भरती झालेली पोरं तिथं शिकतात. म्हणून वायुदलाच्या बाजूला मोबाईल रोखून फोटो काढू नका, उगीच चौकशीला सामोरं जावं लागेल.

धावपट्टी वाढवून २,३०० मीटरची केली आणि आताची टर्मिनल बिल्डिंग १४ सप्टेंबर २०१७ ला सुरू झाली, तेव्हापासनं मोठी विमानं उतरू लागली. अजून मोठ्या बिल्डिंगची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. सांबरा समुद्रसपाटीपासनं जवळपास २,५०० फुटांवर आहे, मुंबई समुद्राला लागून, म्हणून पहाटे इथनं स्वेटर घालून निघालेला माणूस मुंबईत उतरला की घामाघूम होतोय.

मुंबईची फ्लाइट रोज असते का? आज दिसते, उद्या दिसत नाही.

हे दुखणं आपल्या विमानतळाचं जुनं आहे आणि मला याचं खरंच वाईट वाटतंय. २०१९ मध्ये उडान योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात बेळगाव आलं आणि एकदम कितीतरी शहरांना विमानं सुरू झाली. पण त्या योजनेत सरकारची मदत एका मार्गाला तीन वर्षंच मिळते, ती संपली की कंपनीनं स्वतःच्या हिमतीवर चालवायचं, आणि तिथं काही मार्ग बंद पडले. प्रवासी नाहीत म्हणून बंद पडले असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही, बेळगावातनं मुंबई-पुण्याला रोज रात्री सुटणाऱ्या बसची रांग बघा म्हणजे कळेल प्रवासी किती आहेत ते.

तेव्हा गेल्या वर्षीचं वेळापत्रक धरून बेत करू नका. वेळापत्रक वर्षातनं दोनदा बदलतंय, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. लग्नाची तारीख जवळ असेल तर तिकीट काढायच्या दिवशीच कंपनीच्या साइटवर बघा.

फ्लाइट रद्द झाली तर कसं कळणार?

मोबाईलवर मेसेज येतोय. पण कुणाच्या मोबाईलवर, हे बघा. आमच्या भाऊजींनी एका एजंटकडनं तिकीट काढलं, त्या एजंटनं फॉर्ममध्ये स्वतःचाच नंबर टाकला. आदल्या रात्री विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर आला आणि तो झोपला होता. भाऊजी सकाळी दोन बॅगा, एक पोतं आणि लहान पोरगी घेऊन सांबऱ्याला हजर, काउंटरवर कुणी नाही, विचारलं तर म्हणाले आजचं विमान रात्रीच रद्द झालंय. पैसे परत मिळाले, नाही असं नाही, पण मुंबईतला हॉस्पिटलचा नंबर गेला तो गेलाच, पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. तेव्हापासनं मी सगळ्यांना सांगतो, एजंटकडनं काढा, हरकत नाही, पण नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकायला लावा आणि तो टाकेपर्यंत समोरनं उठू नका.

हॉस्पिटल, कोर्ट, इंटरव्ह्यू, व्हिसा असलं काही असेल तर एक दिवस आधी जा. जुलै-ऑगस्टमध्ये तर हमखास. आपल्याकडं ढग इतके खाली येतात की कधी विमान वर घिरट्या घालून दुसऱ्या शहराला नेऊन उतरवतात. आणि मुंबईत पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एखाद्या दिवशी धावपट्टीच्या दुरुस्तीला काही तास विमानतळ बंद ठेवतात, तारीख आधी जाहीर होते, तेवढी बघा.

मुंबईहून पुढं दुसरं विमान पकडायचं असेल तर मध्ये किती वेळ ठेवू?

एकाच तिकिटावर दोन्ही फ्लाइट असतील तर कंपनी बघून घेते. वेगवेगळी तिकिटं असतील तर देशातल्यासाठी चार तास, परदेशासाठी सहा-सात. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसऱ्या कंपनीचं विमान थांबत नाही आणि पैसेही परत देत नाहीत.

कुंदा, लोणचं, खोबरं नेता येतंय का?

कुंदा न्या की, बेळगावचा माणूस कुंद्याशिवाय मुंबईला गेला तर तिकडचे दारात उभं करणार नाहीत. पण मऊ असतोय, हातातल्या बॅगेत असला तर सिक्युरिटीवर कधी सोडतात, कधी अडवतात, म्हणून चेक-इनच्या बॅगेत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मावशीचा रुमालातला डबा मी काउंटरवर येईपर्यंत तिच्या हातात ठेवला आणि मग बॅगेत घातला, ती नाखूश होती, पण डबा नीट पोचला. गोकाकचं कर्दंट आणि मांडे हातात नेले तरी चालतात, मांडे चेक-इनला दिले तर चुरा होऊन निघतील. लोणचं, तूप, तेल हातात नको. मसाल्याची चटणी, तिखट पण हातात नको.

सुक्या खोबऱ्याचं मात्र लक्षात ठेवा. घरच्या झाडाच्या वाट्या बांधून देतात बाया, पण सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यात तेल असतंय आणि ते पेट घेऊ शकतंय. बॅग उघडून काढून ठेवायला लावतात. आणि पॉवर बँक उलट, ती चेक-इनमध्ये चालत नाही, हातातल्याच बॅगेत पाहिजे. वजन बहुतेक ठिकाणी चेक-इन १५ किलो, हातात ७ किलो. तांदळाची पिशवी घालायच्या आधी घरात काट्यावर तोला.

आई-बाबांना एकटं पाठवू का? त्यांना मराठीच येतंय.

पाठवा. सांबऱ्याला स्टाफमध्ये आसपासच्या गावची माणसं भरपूर, मराठीत बोललं की मराठीत उत्तर मिळतंय. पाट्या कन्नड, हिंदी, इंग्रजीत असतात, हिंदी अक्षरं आपलीच असल्यामुळं म्हातारी माणसं वाचू शकतात. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, त्याचे वेगळे पैसे नसतात, आणि व्हीलचेअर असली की एक माणूस गेटपासनं विमानापर्यंत आणि मुंबईत विमानापासनं बाहेरच्या दारापर्यंत सोबत असतोय. चालता येत असलं तरी मागा. मावशी आधी म्हणाली "मी काय लंगडी हाय?", मग मुंबईचं टर्मिनल बघून गप्प बसली, तिथं चालायचं अंतर म्हणजे नंदगडची बाजारपेठ दोनदा होईल.

आधार कार्ड मूळ द्या, नुसती झेरॉक्स चालत नाही. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधीच बघा, आपल्याकडं आधारवर कन्नडातनं आलेलं स्पेलिंग वेगळं असतंय, तिकीट आधार समोर ठेवूनच काढा. आणि घ्यायला येणाऱ्याचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच जाते.

परतीचं तिकीट कुठल्या वेळेचं काढू?

शहरातले असाल तर कुठलंही. खेड्यातले असाल तर दिवसाउजेडी सांबऱ्याला उतरणारं. उतरल्यावर अजून शहर गाठायचं, तिथनं खानापूर, बैलहोंगल नाहीतर चंदगडची बस बघायची, आणि आतल्या गावांच्या शेवटच्या बस लवकर सुटतात. मावशीचं परतीचं विमान उशिरा सुटलं, उतरायला संध्याकाळ झाली, बेळगावच्या स्टँडवर येईपर्यंत नंदगडची गाडी गेलेली. त्या रात्री ती आमच्याकडंच राहिली आणि सकाळी पहिल्या बसनं गावी गेली.